मुकादमामार्फत

त्या घरात नवराबायकोचं बोलणं मांजरामार्फत चालायचं.

“मुकादम, तुझ्या बापाला सांग, पाणी तापलंय. मागाहून गार झालं म्हणून बोंबलायचं नाही.”

“मुकादम, तुझ्या आईला सांग, बोंबलायला छातीत हवा लागते. ती संपून जमाना झाला.”

मुकादम म्हणजे करड्या रंगाचा, जाड मानेचा बोका. खाटेच्या पायथ्याशी, दोघांच्या बरोबर मधे, पाय पोटाखाली घेऊन बसलेला. जो बोलेल त्याच्याकडे एकदा बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. निरोप पोचला असं दोघंही धरून चालायची. नव्या माणसाला वाटायचं, काय गमतीचं जोडपं आहे. हसायचंही कोणी कोणी. पण ती गंमत नव्हती. मांजर समोर नसेल तेव्हा ती दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत, आणि हे आमच्या संपापासून चालत आलेलं होतं.

मावशी आमच्या लॉन्ड्रीत हातइस्त्रीवर. तिथल्या मोठ्या चादरी रोलरमधून जातात, पण हॉटेलांचे टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे कोट, कॉलरचे शर्ट हे सगळं हाताने. मी तिच्या शेजारच्या टेबलावर होते, मालकाने मला बाहेर काढेपर्यंत. त्यानंतर मी युनियनचंच काम धरलं आणि त्याच्या दारात उभी राहून त्याचं डोकं खाल्लं, पण तो विषय वेगळा. मावशीच्या घडीची कड बोटाला टोचायची. कपड्यावर मोहरीएवढा डाग दिसला तरी ती तो कपडा धुलाईकडे परत पाठवायची, आणि नुसता नाही पाठवायची. “हा डाग कुणी माहेराहून आणलाय का?” एवढं विचारून पाठवायची. म्हणून सगळे तिला कडकमावशी म्हणायचे. माझ्या हातून मळका कपडा कुणाच्या हाती जाणार नाही, हा तिचा कायदा. घरीही तोच. पायपुसण्याला इस्त्री करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

नवरा त्याच लॉन्ड्रीत बॉयलरवर होता. आम्ही त्याला काका म्हणायचो. तोंडाळ माणूस, पण बॉयलरशी बाळासारखा बोलायचा. मग संप झाला. मागणी साधी होती. इस्त्रीखात्यात वाफ बाहेर काढणारे पंखे लावा. बायका टेबलाला धरून खाली बसत होत्या, एक तर गरम टेबलावरच पडली. मालक म्हणाला, पंख्याने कपडे उडतील. आम्ही सगळ्या बाहेर बसलो. झाडून सगळ्या. आणि चौथ्या की पाचव्या सकाळी चिमणीतून धूर निघाला. काका मागच्या दाराने आत गेला होता. वाफ तयार झाल्यावर मालकाला काय, बाहेरची माणसं आणून त्याने चादरी फिरवल्या. आठवड्यात संप मोडला. पंखा आला, पण ऑफिसात.

काका का गेला ते त्याने कधी सांगितलं नाही. कोणी म्हणे, थंड पडला असता तर बॉयलर तडकला असता म्हणून गेला. कोणी म्हणे, मालकाने बोलावलं आणि हा पाघळला. मी विचारायला गेले नाही. माझ्या लेखी फुटलेला माणूस तो फुटलेलाच. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही, आणि मावशी तर त्याच्याच घरात राहून बोलली नाही. भाकरी वाढली, कपडे धुतले, आजारपण काढलं, पण शब्द दिला नाही. पुढे बॉयलरच्या धुराने त्याची छाती खाल्ली आणि मालकाने त्याला हात जोडून घरी पाठवला. मी त्या घराचा उंबरा ओलांडणं सोडलं, बाहेरूनच तमाशा बघितला. एका खोलीच्या घरात दोन माणसं मुक्याने वावरतात म्हणजे काय, ते बघायला जिवावर यायचं.

मग मुकादम आला. मळक्या चादरींच्या ढकलगाडीत मांजर व्यालं होतं. त्यातलं एक पिल्लू कसंबसं चढून मावशीच्या इस्त्री केलेल्या थप्पीवर जाऊन बसलं आणि आम्हा सगळ्यांकडे कामाची तपासणी केल्यासारखं बघायला लागलं. मावशी म्हणाली, “आला मोठा मुकादम.” थप्पी पुन्हा धुवायला गेली आणि पिल्लू मावशीच्या घरी गेलं. पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं म्हणे, “तुझ्या बापाला सांग, दूध संपवू नको, याला लागतं.” कोपऱ्यातून उत्तर आलं, “तुझ्या आईला सांग, आधी याचं पोट भरू दे.” इतक्या वर्षांनी त्या खोलीत प्रश्न आणि उत्तर एका जागी आलं. मावशीने हे मला इस्त्री चालवता चालवता सांगितलं, मान वर न करता. मी म्हटलं, “चला, मध्यस्थ मिळाला. आमच्यापेक्षा बरा निघाला.”

मावशी दिवसभर कामावर. तेवढा वेळ बोका काकाच्या मांडीवर. काकाच्या अंगात बारा महिने एक तपकिरी स्वेटर असायचा, कोपरांवर रफू केलेला. अंगातून काढला की छातीत गारवा शिरतो म्हणून तो काढू द्यायचा नाही. त्या स्वेटरच्या पोटात शिरून मुकादम झोपायचा. मावशीच्या राज्यात पाण्यावाचून राहिलेली तेवढी एकच वस्तू. “मुकादम, तुझ्या बापाला सांग, त्या स्वेटरला आता पालवी फुटेल.” “तुझ्या आईला सांग, फुटली की खुडून भाजी कर म्हणावं.”

हळूहळू मुकादम खाटेवर उडी मारायचा थांबला. आधी पुढचे पाय टेकायचा, दम घ्यायचा, मग अंग वर ओढायचा. वर चढला की तोंड उघडं टाकून धापा टाकत बसायचा. एकदा मीही बघितलं, उंबऱ्यातून. मावशी हसून म्हणाली, “बापावर गेलाय.” काकाही हसला, मग खोकला. ज्या घरात एक माणूस दोन पावलं चालून तोंडाने श्वास घेतो, आणि दुसरं माणूस अशा ठिकाणाहून येतं की तिथे पन्नास बायका तोंडं उघडी टाकून उभ्या असतात, त्या घरात मांजराने धापा टाकल्या तर कोणाला काय वाटणार? आम्हाला सगळ्यांना तो घरचाच मुलगा वाटला.

एका दुपारी पाळी संपवून मावशी घरी आली तर मुकादम फरशीवर आडवा. जीभ निळसर. शेजारी फरशीवर काका बसलेला, त्याला उचलायला वाकला होता आणि मग स्वतःच उठू शकला नव्हता. दोघंही धापा टाकत होते. मावशीने कपाटातला घडीचा टॉवेल टोपलीत अंथरला, बोक्याला त्यात ठेवलं आणि मला फोन केला. अडीनडीला लोक मलाच फोन करतात. मी स्कूटर काढली. ती टोपली पोटाशी धरून मागे बसली आणि आम्ही गेलो. काका फरशीवरून बघत होता. त्याला कोणी काही सांगितलं नाही. कोण सांगणार? सांगणारा टोपलीत होता.

जनावरांचा धर्मादाय दवाखाना. खाली बाकांवर कुत्री, वरच्या मजल्यावर मांजरं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, आवाज बारीक पण शब्द ठाम. तिने मुकादमला आधी काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन सोडला, इंजेक्शन दिलं, मग आमच्याकडे आली.

“हृदयाच्या भिंती जाड झाल्यात. आत रक्ताला जागाच कमी उरलीय, त्यामुळे फुप्फुसात पाणी भरलंय. पाणी काढायचं औषध दिलंय. तोंडाने श्वास कधीपासून घेत होता?”

मावशीने रिकाम्या टोपलीतला टॉवेल सारखा केला.

“मांजर तोंड उघडून श्वास घेत नाही हो. ते घ्यायला लागलं की फार उशीर झालेला असतो.”

“आमच्याकडे सगळेच तसे घेतात,” मावशी म्हणाली. डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती ओकायला समोर मालक नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर वॉर्डातल्या माणसाने दारातच अडवलं. धिप्पाड माणूस, दोन्ही हात कोपरापर्यंत बोचकारलेले. “मावशी, तुम्ही समोर जाऊ नका. डॉक्टरनी सांगितलंय.”

मी सुरू झाले. “का जायचं नाही? मांजर तिचं आहे. कुठल्या नियमात लिहिलंय की जिनं वाढवलं तिनं तोंड दाखवायचं नाही? बोलवा तुमच्या साहेबांना. आम्ही दारं उघडून घेतलेली माणसं आहोत.”

डॉक्टर आली. “नियमात कुठेच नाही,” ती म्हणाली. “त्याच्या छातीत आहे. या, बघा.”

तिने मावशीला काचेसमोर उभं केलं. मुकादमने मान उचलली. मावशीला बघितलं आणि उठला. पुढचे पाय काचेवर टेकले, तोंड उघडलं, बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या. आवाज काढायला गेला तो निघाला नाही. जीभ परत निळी पडायला लागली. मावशी एका झटक्यात भिंतीआड झाली. बोका काचेला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग बाजूला कलंडला.

“तुम्हाला बघून तो आनंदाने उठतो,” डॉक्टर म्हणाली. “एवढासुद्धा आनंद त्याला झेपत नाहीये.”

मला बोलायचं होतं. मावशीने माझा दंड धरला. “ताई, ओरडू नको. त्याला आवाज जातो.”

त्यानंतर ती रोज पाळी सुटली की तिथे जायची आणि कोपऱ्याच्या भिंतीपलीकडच्या बाकावर बसायची, बोक्याला दिसणार नाही अशी. आत श्वासाचं यंत्र फुसफुस करायचं, त्याकडे कान लावून. तो खात नव्हता. खाल्लं तर औषध टिकेल, आणि औषध टिकलं तर काही आठवडे, नशीब असलं तर महिने मिळतील, एवढंच डॉक्टर म्हणायची. बरा होईल असं ती एकदाही म्हणाली नाही. मावशीनेही विचारलं नाही. तिला तो फक्त घरी हवा होता, खाटेच्या पायथ्याशी. किती दिवस, हा तिचा हिशोबच नव्हता.

वॉर्डातल्या माणसानेच तिला सुचवलं. “मावशी, तुम्ही नाही तर तुमचा वास तरी येऊ दे. याच्या अंथरुणातलं काहीतरी आणा. इथे सगळाच औषधाचा वास, म्हणून तोंड लावत नाही.”

दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन आली. त्यातून मुकादमची गोधडी काढली. चारही कडा जुळवलेली, कडक घडी. त्या माणसाने ती उलगडली, नाकाला लावली, दुसऱ्या बाजूने लावली, आणि तिच्याकडे बघत राहिला.

“ही धुतलीत?”

“मग? मळकी आणू दवाखान्यात?”

“अहो, हिला साबणाशिवाय कसला वासच नाही. दुकानातून आणल्यासारखी झाली.”

“दुसरं काही आण,” मी म्हटलं. “त्याची उशी, खाटेवरची चादर, काहीही.”

मावशी पिशवीकडे बघत म्हणाली, “सगळं धुतलं.”

मुकादमला नेलं त्या दिवसापासून तिने घर धुवायला काढलं होतं. गोधडी, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, टोपलीतला टॉवेल, स्वतःचे कपडे, सगळं उकळत्या पाण्यात. तो आजारातून उठून येणार, घर स्वच्छ हवं, या एकाच हिशोबाने. इतकी वर्षं दवाखान्यांचे कपडे केलेली बाई, आजारी जिवासाठी दुसरं काय करणार? घरभर कुठे एक केस, एक डाग, एक वास म्हणून ठेवला नाही.

“काहीच नाही राहिलं?” त्या माणसाने विचारलं.

मावशीने गोधडीची परत घडी घातली आणि म्हणाली, “एक स्वेटर आहे.”

मी तिला स्कूटरवर घरी आणलं. दार उघडंच होतं. मी नेहमीसारखी उंबऱ्यावर थांबले. खोली ओळखू येत नव्हती. आडव्या-उभ्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे, खाट नुसत्या फळ्यांची. खिडकीपाशी खुर्चीत काका, अंगात तो स्वेटर. मावशी खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. नजर सवयीने खाटेच्या पायथ्याशी गेली.

“मुकादम, तुझ्या—” एवढं म्हणाली आणि थांबली.

मग माझ्याकडे वळली. “ताई, तू सांग त्यांना.”

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “मी त्यांच्याशी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. आणि मी काही तुमचं मांजर नाही.”

तोंडातून गेलं ते गेलं. ती रागावली नाही. फरशीकडे बघत, हात पदरात गुंडाळत राहिली. कपड्यांतून पाण्याचे थेंब पडत होते.

“तो स्वेटर हवाय,” ती म्हणाली. कोणाला असं नाही, पण त्या खोलीत दुसरं होतंच कोण.

काका हलला नाही. मग त्याच्या तोंडून आलं, “जिवंत आहे?”

मावशीने वर बघितलं.

“गोधडी दोरीवर बघितली,” काका म्हणाला. वाक्याच्या मधे थांबून श्वास घ्यावा लागत होता. “मला वाटलं, झालं. घर धुतलं म्हणजे... झालंच.”

इतके दिवस. ती रोज घरी येत होती, त्याच्यासमोर ताट ठेवत होती, बादल्या भरून कपडे धूत होती, आणि हा खुर्चीत बसून बोक्याचं सुतक धरून होता. त्याने विचारलं नव्हतं. विचारणार कोणामार्फत? आणि तिला सांगायचं सुचलं नव्हतं, कारण त्या घरात सांगायची वाटच एक होती.

“आहे,” मावशी म्हणाली. “खात नाही. तुमच्या स्वेटरवर खाईल म्हणतात.”

तो स्वेटर काढायला लागला. एक हात बाहेर आला, दुसरा कोपराशी अडकला आणि त्याला धाप लागली. तो तसाच अर्धवट अडकून बसला. मावशी पुढे गेली, बाही धरली आणि खेचली. स्वेटर तिच्या हातात आला. तिने सवयीने त्याची घडी घालायला सुरुवात केली, मग थांबली आणि तसाच बोळा करून पिशवीत कोंबला. मी तिला ओळखते तेव्हापासून तिने बोळा केलेला तो पहिला कपडा.

“तिथल्या लोकांना सांग,” काका खिडकीकडे बघत म्हणाला, “धुऊ नका म्हणावं.”

वॉर्डातल्या माणसाने स्वेटर नाकाला लावला आणि डोळे मिचकावले. “हां. हा खरा माल.” त्याने तो पेटीत सरकवला. आम्ही भिंतीआडून कान देऊन. तोच आतून सांगत होता. “वास घेतोय... घेतोय... बाही हुंगली... आता पाय चालवतोय बघा, पुढचे... डोकं घातलं बाहीत.” संध्याकाळपर्यंत त्याने चमचाभर खाल्लं. डॉक्टर म्हणाली, धाप थोडी कमी झालीय, अशीच राहिली तर घरी सोडायचा विचार करू. मावशीने त्या दिवशी माझ्यासमोर पोटभर खाल्लं. आणि जाताना खालच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईला, तिच्या कुत्र्याचा पट्टा मळलाय, असं सुनावून गेली. मी म्हटलं, आली माणसात.

ते दोनच दिवस टिकलं. सकाळी ती कामावर असताना डॉक्टरचा फोन मला आला. मी लॉन्ड्रीच्या फाटकातून आत शिरले, वॉचमनने अडवलं नाही. मावशी इस्त्री उभी करून निघाली. अर्धा कोट टेबलावर तसाच.

मुकादम ओरडत होता. जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी मांजराचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायचा नाही.

“हृदयात रक्ताची गुठळी झाली होती,” डॉक्टर म्हणाली. “ती सुटून मागच्या पायांच्या नसेत अडकलीय. पाय गेलेत त्याचे. दुखणं कमी करायचं दिलंय, अजून देते. पण पाय परत येणं कठीण आहे, आणि आले तरी अशी गुठळी पुन्हा होणार. आज, उद्या, केव्हाही.”

मावशीने हात आत घातला आणि त्याचा मागचा पंजा मुठीत धरला. आता लपायचं कारण नव्हतं. आयुष्यभर गालाजवळ धरून इस्त्रीची धग ओळखणारी बाई ती. पंजा धरून उभी राहिली. “गार आहे,” म्हणाली. “अगदी गार.”

“तुम्ही काय कराल?” मी डॉक्टरला विचारलं. भांडायला नाही.

“माझा असता तर मी त्याला सोडवलं असतं.”

मावशीने मान हलवली. मग म्हणाली, “त्यांना आणायला हवं. त्यांच्या मांडीवरचा आहे तो.”

तिने जा म्हणून कोणाला सांगितलं नाही, पण स्कूटरची किल्ली माझ्याकडे होती. मी गेले. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं नाही काही. त्याने माझं तोंड बघितलं आणि उठला. स्वेटरवाचून शर्टावर टॉवेल गुंडाळला. जिना उतरताना दोनदा बसला. रस्ताभर माझ्या खांद्यामागे त्याची धाप चालली होती. मी गाडी सावकाश चालवली. आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

दवाखान्याचा जिना तो चढला तो मांजरासारखाच, आधी हात, मग दम, मग अंग. त्याला खुर्ची दिली. डॉक्टरने मुकादमला स्वेटरसकट उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. औषधाने ओरडणं थांबलं होतं. मावशी समोर स्टुलावर. दोघांच्या मधे तो, घरी असायचा तसा. दोघंही तोंडाने श्वास घेत होते, काका आणि बोका, आणि कुठला आवाज कुणाचा ते कळत नव्हतं. डॉक्टरने पुढच्या पायाला सुई जोडली होती. म्हणाली, “सुरू करू?”

मावशीने मान हलवली.

डॉक्टरने औषध सोडायला सुरुवात केली. काका खाली वाकला. “मुकादम,” तो म्हणाला. बोक्याने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, नेहमी बघायचा तसं. “मुकादम, हिला सांग—”

आणि खोकला आला. असा आला की तो खुर्चीत दुमडला. एका हाताने बोक्याला सावरून धरलेलं, दुसरा तोंडावर. मावशी पाण्याचा पेला घेऊन उठली आणि तशीच उभी राहिली, कारण खोकला पाणी पिऊ देत नव्हता. मुकादमची नजर त्याच्यावरून हलली नाही. खोकला थांबायला वेळ लागला. थांबला तेव्हा डॉक्टरने बोक्याच्या छातीवर नळी लावली होती, आणि तिने ती काढून गळ्यात टाकली.

काकाने मावशीकडे बघितलं. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती, पेला हातात. मीही बघत होते. त्याने ओठ मिटून घेतले. तिने विचारलं नाही. पेला पुढे केला, तो त्याने घेतला.

काय सांगायचं होतं ते त्याचं त्याला. मला वाटतं, त्या सकाळी मागच्या दाराने आत का गेला, ते. नसेलही. हिला सांग, आज भात नको, एवढंच असेल. आता ते कळायची सोय नाही.

मुकादमला दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पुरलं. वॉर्डातल्या माणसाने खड्डा खणला. स्वेटर त्याने पिशवीत घालून मावशीच्या हाती दिला, म्हणाला, “धुतला नाही.” घरी गेल्यावर मावशीने आधी बादली भरली आणि स्वेटर पाण्यात टाकला. काका खुर्चीतून बघत होता. पाणी आधी तपकिरी झालं, मग काळं, आणि वर करडे केस तरंगायला लागले. तिने तो तीनदा पिळला, दोरीवर टाकला, वाळल्यावर इस्त्री केली. मी तिला विचारलं, का धुतलास. ती म्हणाली, “मग काय करू? त्यांना गारठा लागतो.” इस्त्रीखाली अजून केस निघत होते म्हणाली, धुण्याने गेले नाहीत सगळे. करपल्याचा वास येत होता.

मावशी कामावर जाते. पंखा अजून ऑफिसातच आहे, आमची मागणीही तिथेच. परवा मी तिच्याकडे गेले होते, मागणीच्या नव्या कागदावर सहीसाठी. खोली कोरडी, स्वच्छ. काका खिडकीत, स्वेटरला बाह्यांवर कडक घडी. खाटेचा पायथा मोकळा. मावशीने तीन कप भरले. एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि तिसरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मागे आली. त्याचं लक्ष बाहेर होतं. कपावर साय धरायला लागली. मावशीने खाटेच्या पायथ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताई,” ती म्हणाली, “सांग त्यांना.”

मी उंबरा ओलांडून आत गेले.

“काका,” मी म्हटलं, “चहा गार होतोय.”